जेवण झाल्यावरचं चालणं

निपाणी स्टँडवर बेळगावच्या गाडीची वाट बघत बसलो होतो. मागच्या बाकावर दोघी जैन बहिणी. थोरली नुकतीच नवऱ्याबरोबर श्रीलंका फिरून आलेली, तिथं खास व्हॅन करून.

“समुद्र कसा हाय गं, आक्का?”

“लई मोठा. पण दिवस मावळल्यावर आपल्या तोंडात घास न्हाय. वारं सुटलं म्हणून समुद्राकडं पाठ करून डबं खाल्लं. वळून बघतोय तर दिवस बुडालेला.”

“आणि चहाचे डोंगर?”

“तिथं सगळे ढग. दिवस हाय का बुडाला, कळंना. उगं घोळ नको म्हणून दुपारीच जेवून घेतलं.”

“हत्ती तरी?”

“हत्ती संध्याकाळी येतात म्हणं. तवा आम्ही जेवत होतो.”

“ड्रायव्हर वैतागला असंल.”

“पहिल्या दिवशी. मग तोच आमच्याआधी आभाळ बघायला लागला. लई गुणाचं पोरगं. रोज अंधार पडला की ह्यांना चालायला घेऊन जायचा.”

“दाजी आणि चालायला? घरात पाण्याचा तांब्या उचलून घेत न्हाईत.”

“जेवण जिरायला पायजे म्हणायचे. तासाभरानं यायचे आणि गप झोपायचे.”

“मग बारीक झाले असतील की.”

“परत येताना प्यांटचं बटन लागंना.”

“चालून?”

“चालून.”

“मग तू काय म्हणालीस?”

“काय म्हणायचं? पुढच्या साली व्हिएतनामला जायचं ठरवलंय. तिथंबी व्हॅनच करायची. आणि जेवण झाल्यावर मीबी चालायला जाणार हाय.”