मिस्त्री रेघ

नेत्रचिकित्सालयाच्या प्रतीक्षाकक्षात माझ्या शेजारी रंगाच्या कारखान्यातील एक निवृत्त मिस्त्री बसले होते. त्यांच्या प्रयोगशाळेच्या पूर्वीच्या प्रमुख बाई आत येताच ते अदबीने उठून उभे राहिले.

"बसा हो मिस्त्री, आता मी कुणाची साहेब नाही."

"वीस वर्षांचे आभार राहिलेत, बाई. रंग तळाशी बसू नये म्हणून मी दाटपणाचा डिंक दुप्पट घातला आणि टाकीभर रंग दुधासारखा फाटला. तरी तुम्ही माझी नोकरी वाचवलीत."

"का फाटला, ते कळलं?"

"डिंकाने कण चिकटले असतील."

"चिकटवलं नाही त्याने. दोन कण जवळ आले, की मधल्या फटीत डिंकाची वेटोळी मावत नाहीत. मग ती बाहेरूनच दोघांना रेटतात. कणांच्या गुठळ्या होतात आणि त्या खाली बसतात."

"म्हणजे आमच्या लग्नासारखंच. ओढ कुणालाच नव्हती, नातेवाइकांनी रेटलं."

"वहिनी आत तपासणीला आहेत ना? हळू बोला."

"तिचंही हेच म्हणणं आहे."

"आणि नोकरी मी वाचवली नाही. अहवालात तुमची चूक नावासकट लिहिली होती. तिच्यामुळेच डिंक किती घालायचा याची मर्यादा सापडली, म्हणून कारखान्याच्या मोठ्या साहेबांनी तुम्हाला ठेवलं. टाक्यांवर त्या मर्यादेची खूण आखली, तिला मिस्त्री रेघ हे नाव मीच दिलं. लगेच माझी बदली झाली, सांगायचं राहून गेलं."

"ती रेघ माझी? बाई, मी रोज तिला हात जोडून काम सुरू करायचो. वाटायचं, कुणी थोर मिस्त्री होऊन गेला असेल."