गुलाबांचा गालिचा

आयर्लंडमधल्या मलिंगारच्या हॉस्पिटलात बसलेल्या रेवतीच्या कानावर मागून मराठी पडलं. एक जोडपं दबक्या आवाजात बोलत होतं.

"केदार, तो गालिचा भिंतीवरच राहू द्यायचास!"

"मॉरीनआजींचे पाय गारठायचे गं. म्हणून पलंगाशी अंथरला."

"आणि त्यावरूनच घसरल्या त्या! त्यांच्या आजीने अमेरिकेत गोणपाटावर लोकरीच्या चिंध्या ओवून केलेले गुलाब ते. कधी कुणाला पाय लावू दिला नव्हता."

"मला अंथरू दिला ना."

"त्यांची मुलगी येतेय. शेजाऱ्यांनीच भिंतीवरून काढला, म्हणेल."

"मीच सांगेन तिला."

"आणि ऑपरेशननंतर आजी उठल्याच नाहीत तर?"

"शर्वाणी, प्लीज!"

तेवढ्यात नर्स बाहेर आली.

"ऑपरेशन ग्रँड झालं, अगदी छान. केदार कोण? तो बाहेर घाबरून बसला असेल, त्याला आधी आत पाठवा, असं मॉरीन म्हणताहेत."

केदार नर्सच्या मागोमाग आत गेला.