पाणी उतरेपर्यंत

वहिनी, शेवंताबाई, आणि इथे जमलेले सगळे,

मला बोलायला लावू नका, असं मी घारपुरे वहिनींना सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, "कुलथे, तुम्ही नाही बोललात तर दुसरं कोणी बोलेल आणि काहीतरी चुकीचं सांगेल." माझं दुखणं त्यांना बरोबर ठाऊक आहे. म्हणून उभा आहे.

हा हॉल मी कितीदा तरी भरलेला पाहिला आहे. पण नेहमी पाठीमागून, प्रोजेक्टरशेजारून. तुमची डोकी मला पाठ आहेत. चेहरे आज पहिल्यांदा समोरून पाहतो आहे. अवघड आहे. हे काम घारपुऱ्यांना कसं जमत होतं, कोण जाणे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. सदाशिव पेठेत माझं रेडिओ आणि प्रोजेक्टर दुरुस्तीचं दुकान आहे. शाळा सातवीत सुटली. यंत्रांची इंग्रजी पुस्तकं शब्दकोश शेजारी ठेवून वाचली. मला कोणी शिकवलेलं नाही. अच्युतराव घारपुरे बँकेतून निवृत्त झालेले, यंत्रातलं त्यांना काही म्हणजे काही कळत नव्हतं. आम्हा दोघांना वेड एकच होतं. स्वातंत्र्यानंतर धरणं झाली, वीजघरं झाली, आणि लोकांना त्यांचं महत्त्व पटावं म्हणून सरकारने लहान लहान फिल्म काढल्या. पाणी अडवा, वीज मिळवा, घरोघर दिवा लावा. गाडीत पडदा घालून गावोगाव दाखवायचे. पुढे ती रिळं भंगारात गेली. त्यांचं वेड.

आमची ओळख जुन्या बाजारात झाली. एका भंगारवाल्यापुढे गंजलेले डबे होते. मी एकेक डबा उघडून वास घेत होतो. रीळ कुजायला लागलं की त्याला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो. वास घ्यायचा, कडा तपासायच्या, यंत्राच्या दात्यांत अडकणारी कडेची भोकं पाहायची, मग ठरवायचं. हीच पद्धत आहे. मी तिसऱ्या डब्याशी असताना एक गृहस्थ आले, वाकले, सगळे डबे कापडी पिशवीत भरले आणि मला म्हणाले, "अहो, आपण आचारी का?"

ते घारपुरे.

तेव्हापासून आम्ही या हॉलमध्ये खेळ लावायला लागलो. रिळं त्यांची, हात माझे, आणि टाळ्या त्यांच्या. शोकसभेत असं बोलू नये. पण खोटं बोलायला मी आलेलो नाही. मला त्यांचा हेवा वाटायचा. थोडाथोडका नाही, पोटात दुखेपर्यंत वाटायचा.

का वाटू नये? त्या फिल्मांचा आवाज गेलेला होता, म्हणून घारपुरे पडद्याशेजारी उभे राहून स्वतः सांगायचे. काय सांगायचे? टर्बाइनला पाणचक्की म्हणायचे. मी मागून म्हणायचो, "टर्बाइन." ते म्हणायचे, "मागून दुरुस्ती आली आहे. टर्बाइन, म्हणजे पाणचक्की." आणि तुम्ही हसायचात.

एका रिळाच्या शेवटच्या दृश्यात एका घरात बाई बटण दाबते आणि दिवा लागतो. मी एकदा पुढे येऊन समजावून सांगितलं की त्या बाईची सावली दिव्याच्याच बाजूला पडते आहे. म्हणजे उजेड त्या दिव्याचा नाहीच, समोर ठेवलेल्या शूटिंगच्या दिव्याचा आहे. हे माझ्याआधी कोणाच्याही लक्षात आलेलं नव्हतं. घारपुरे एवढंच म्हणाले, "पण कुलथे, दिवा लागला ना?" झालं. पुन्हा हशा.

मला हेवा वाटायचा.

आता त्या रिळाबद्दल. तुमच्यातले निम्मे त्या एका रिळासाठी यायचे. आधी एक गाव दिसतं. मग लोक सामान घेऊन गाव सोडतात, बैलगाड्या घाट चढतात. दरवाजे बंद होतात. पाणी अंगणात येतं, भिंतींना लागतं, कौलांवरून जातं. मग वीजघर, टर्बाइन, तारा, आणि पुण्यातल्या घरातला तो दिवा. बरोबर क्रम हा आहे.

पहिल्या वेळी हे रीळ लावलं तेव्हा येरवड्याहून शेवंताबाई शेजारणीबरोबर सहज आल्या होत्या. दिवा लागला, रीळ संपत आलं, आणि अंधारातून आवाज आला, "ओ दादा, मागं घ्या जरा. ती कोंबडीवाली माझी सासू हाय."

सामान घेऊन निघालेल्यांत एक म्हातारी आहे, काखेत कोंबडी धरलेली. ती शेवंताबाईंची सासू. त्या स्वतः पुढच्या गाडीत होत्या, म्हणून चित्रात आल्या नाहीत.

मी म्हटलं, थांबा, रीळ काढून गुंडाळून पुन्हा लावतो. तीच पद्धत आहे. घारपुऱ्यांना कुठला धीर. पडद्यापासून चालत माझ्यापर्यंत आले, म्हणाले, "कुलथे, जरा सरका," आणि उलट फिरवायची कळ ओढली. प्रोजेक्टरचा दिवा चालूच होता.

पुढे काय झालं ते तुम्ही पाहिलं आहे. पुण्यातला दिवा विझला. टर्बाइन उलटं फिरलं. पाणी कौलांवरून उतरलं, भिंती सोडल्या, अंगण सोडलं. बैलगाड्या मागे मागे घाट उतरल्या. माणसं पाठमोरी चालत आपापल्या घरात शिरली. म्हातारी कोंबडी घेऊन उंबऱ्याच्या आत गेली. मग शेवंताबाई म्हणाल्या, "जन्मभर मला बोलली ही बाई. पण गेली बघा घरी."

मग टाळ्या. तशा टाळ्या मी त्याआधी ऐकल्या नव्हत्या.

तेव्हापासून ती रीतच पडली. रीळ सरळ मी चालवायचं. ते संपलं की घारपुरे पडद्यापासून चालत यायचे, "कुलथे, जरा सरका," आणि परतीची फेरी ते स्वतः फिरवायचे. माझ्याच यंत्रावर. मी बाजूला उभा.

मी त्यांना शंभरदा सांगितलं, की रीळ आकसलं आहे, उलटं फिरवताना भोकांवर ताण येतो, भोकं फाटतात. ते म्हणायचे, "फाटलं तर तुम्ही आहात ना." आणि फाटायचं. मी दुकानात भिंग लावून सांधत बसायचो. प्रत्येक सांध्यात थोडं चित्र कापून टाकावं लागतं. म्हातारी पूर्वी नीट चालत यायची, आता अंगणातून एकदम उंबऱ्यावर उडी मारते. ही उडी कोणाच्या लक्षात येत नाही. मला दर वेळी दिसते. कोणी म्हणेल, व्हिडिओ कॅसेट करून ठेवा. केली आहे. तिच्यात कोंबडी म्हणजे एक पांढरा ठिपका आहे आणि म्हातारी ओळखू येत नाही. शेवंताबाईंना दाखवली. त्या म्हणाल्या, "ही कोणाची सासू?"

इस्पितळात मी घारपुऱ्यांना शेवटचं भेटलो तेव्हा ते म्हणाले, "बाकीची रिळं कुणाला हवीत त्यांना द्या. ते एक तुम्ही न्या." मला काय वाटलं ते सांगत नाही. इतकी वर्षं ज्यावर डोळा ठेवला, ते हातात आलं. मी उठलो तर म्हणतात, "पण डबा उघडून वास घेत बसू नका." जातानाही अट घालून गेले. सरळ द्यायचं त्यांना ठाऊकच नव्हतं.

घरी जाऊन मी पहिलं काय केलं असेल? वास घेतला. आंबट येतो आहे. भोकं पाहिली. माझ्या अंदाजाने हे रीळ आता एक फेरी सोसेल. दुसरी नाही. डब्यात, गार जागी ठेवलं तर अजून बरीच वर्षं राहील. राहील आणि माझं राहील. कोणी मला सरका म्हणणार नाही. इथे येईपर्यंत माझं तेच ठरलं होतं; डबा सोबत आणला तो फक्त फोटोपुढे ठेवायला.

आज दारात शेवंताबाई भेटल्या. विचारलं, "आज लावणार का?" मी म्हटलं, "नाही, रीळ फाटेल." त्यांनी वाद घातला नाही. म्हणाल्या, "बरं. मग म्हातारी पाण्यातच म्हणायची."

आता मागे वळून पाहा. पांढऱ्या चादरीखाली प्रोजेक्टर आहे. मघाशी, तुम्ही फोटोला हार घालत होतात तेव्हा, मी रीळ चढवलं. एकच फेरी मिळणार असेल तर कुठली चालवायची, हा प्रश्न होता. बरोबर क्रम कुठला ते मला माहीत आहे, आत्ताच सांगितलाही. तरीही मी रीळ शेवटाकडून चढवलं आहे. आज सरळ फेरी नाही. फक्त परतीची.

पडद्याशेजारी आज कोणी बोलणार नाही. मी बोललो तर बरोबर बोलेन, आणि ते तुम्हाला नको असतं. सासू कधी येते ते शेवंताबाईंना कळेल.

आणि एक. ही फेरी पहिल्यांदा माझ्या हातून होणार आहे, आणि नेमकी शोकसभेत, जिथे टाळ्या वाजवायच्या नसतात. अहो घारपुरे, हे तुम्हालाच सुचू शकतं. गेल्यावरही माझ्या वाट्याच्या टाळ्या तुम्ही घेऊन गेलात. मला तुमचा आजही हेवा वाटतो. तो राहणार. माझा नमस्कार घ्या.

मंडळी, श्रद्धांजलीसाठी उभे राहायची पद्धत आहे. कृपा करून उभे राहू नका, मागच्यांना दिसणार नाही. बसूनच शांत राहा. मध्ये तुटलं तर कोणी उठू नका, मी जोडेन. दिवे घालवा.

पाणी उतरेपर्यंत कोणी बोलू नका.