चहा सोडल्याबाबत

नाव : संजना स्वप्नील गोताड. वय : २९ वर्षे. धंदा : स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॅकिंग. राहणार : मुर्धा, भाईंदर पश्चिम. मूळ गाव तालुका लांजा, जिल्हा रत्नागिरी.

समक्ष हजर राहून, कोणी पढवल्यावरून नव्हे तर माझ्या मनाने सांगते की, मी वरील पत्त्यावर पती स्वप्नील व सासूबाई आशा यांच्यासह राहते. पती वरसावे येथे गोदामात कामाला आहेत. आमच्या चाळीचे सेक्रेटरी नीलेश पाष्टे यांनी अर्ज दिला आहे की, इंग्रजी शिकवणाऱ्या दोन मुलींनी फूस लावून माझा धर्म बदलला आणि त्याची खूण म्हणजे मी चहा सोडला. तो अर्ज मला वाचून दाखवला. त्यातले माझे नाव आणि पत्ता बरोबर आहे. बाकीचे खालीलप्रमाणे.

आमच्या कारखान्यातली भांडी परदेशात जातात. ऑफिसात फोन घेणारी मुलगी लग्न होऊन सुरतेला गेली. शेठ म्हणाले, "जिसको इंग्लिश आती है, उसकी कुर्सी." मला येत नव्हते. पण खुर्ची मला हवी होती, आजही हवी आहे. मिरा रोडला मॉर्मन नावाच्या ख्रिस्ती पंथाच्या मुली फुकट इंग्रजी शिकवतात, असे माझी मैत्रीण क्षितिजा हिने सांगितले. आम्ही दोघी दर शनिवारी कामावरून परस्पर तिकडे जाऊ लागलो.

शिकवणाऱ्या दोघींची नावे दिव्या आणि सलोनी. दिव्या राजमुंद्रीची, सलोनी दिल्लीची. दोघी विशीतल्या. छातीवर नावाचा काळा बिल्ला, आणि कुठेही जायचे तर जोडीनेच, असा त्यांचा नियम आहे. दिव्याची हिंदी ऐकली की आपल्याला आपली हिंदी बरी वाटू लागते. वर्गाआधी त्या छोटी प्रार्थना करतात. ज्याला नको त्याने बाहेर थांबावे, असे पहिल्याच दिवशी सांगितले होते. मी आत बसते आणि डोळे मिटून आमच्या जाकादेवीचे नाव घेते. त्याला आजवर कोणी हरकत घेतलेली नाही. धर्माचे पुस्तक मागणाऱ्याला देतात. क्षितिजाने मागून घेतले, ते तिच्या टीव्हीखाली उंचीसाठी ठेवलेले आहे. मी मागितले नाही.

चाळीत कुजबुज होती. नीलेश भावजी मला नळावर म्हणाले, "वहिनी, फुकट आजकाल कोण काय देतं? कुठेतरी पाणी मुरतंय." मी म्हणाले, "भावजी, सध्या तरी इंग्लिशच मुरतंय." हे मी हसत म्हणाले होते. त्यांनी ते हसण्यावारी नेले नाही.

दिवाळीनंतर मी दोघींना घरी बोलावले. सासूबाईंनी आले ठेचून, जास्तीचे दूध घालून चहा केला आणि शोकेसमधले कप काढले. दोघींनी हात जोडून नको म्हटले. सलोनी म्हणाली, "आंटी, हमारे यहाँ चाय मना है." त्यांच्या पंथात चहा-कॉफी कोणीच घेत नाही, हे मला नंतर कळले. आमच्याकडे पाहुणा चहा न घेता उठला तर काहीतरी बिनसले असे धरतात. सासूबाईंचा तिळपापड झाला. पुढे कितीतरी दिवस त्या म्हणत होत्या, "आमच्या हातचं चालत नाय त्यांना. कोण समजतात स्वतःला?" मी समजावून पाहिले. मग नाद सोडला.

संक्रांतीच्या सुमारास मी चहा सोडला. मी डोळे उघडायच्या आधी चहा शोधणारी बाई आहे, त्यामुळे घरात ते लगेच लक्षात आले. सासूबाईंनी विचारले तेव्हा "नको वाटतो" एवढेच म्हणाले. त्यांनी या चहाचा संबंध त्या चहाशी जोडला. त्या रडत नीलेश भावजींकडे गेल्या आणि म्हणाल्या, "माझी सून गेली त्यांच्यात. आज चहा सुटला, उद्या देव सुटंल." त्यावरून हा अर्ज झाला. सासूबाई वाईट नाहीत. त्या घाबरल्या होत्या.

आज सकाळी दिव्या आणि सलोनीला पोलीस ठाण्यात बोलावले. महिला हवालदार मॅडमनी त्यांना विचारले, संजनाने चहा का सोडला. दिव्या म्हणाली, "मालूम है. लेकिन हम नहीं बोलेगा. वो बोलेगी." खोटे बोलायचे नाही हा त्यांचा नियम. त्यामुळे माहीत नाही असेही म्हणता आले नाही. संशय मात्र वाढला. हे मला मॅडमकडून फोनवर कळले. एका वाक्यात त्या दोघी सुटल्या असत्या. ते वाक्य माझे होते म्हणून त्या बोलल्या नाहीत. मला रडू आले. मी सुट्टी टाकून सासूबाईंना घेऊन इथे आले.

मॅडमनी मलाही तोच प्रश्न विचारला. मी आधी पित्ताचा त्रास आहे असे सांगितले. मॅडमनी ते लिहून घेतले नाही. मला पाणी दिले आणि म्हणाल्या, "ताई, त्या पोरी सकाळपासून बाहेर बसल्यात. नीट सांगा." म्हणून सांगते.

मी गरोदर आहे. चहाचा वास आला की उलटी होते. सकाळी आवाज जाऊ नये म्हणून मी नळ मोठा सोडते. याआधी दोनदा दिवस गेले होते. दोन्ही वेळा सासूबाईंनी आनंदाने पार गावापर्यंत कळवले, पहिल्या वेळी माळ्यावरचा पाळणा काढून पुसून ठेवला. दोन्ही वेळा तिसरा महिना पार पडला नाही. पाळणा मीच परत वर ठेवला. या वेळी पाचवा लागेपर्यंत कोणाला सांगायचे नाही असे ठरवले आणि पतींनाही शपथ घातली. सासूबाईंपासून लपवले ते रागाने नाही. त्यांचा तसा चेहरा तिसऱ्यांदा बघणे मला झेपले नसते. आता चौथा महिना चालू आहे. डॉक्टरांनी सगळे ठीक आहे म्हणून सांगितले आहे.

दिव्याला कसे कळले तेही सांगते. येत्या वर्षभरात काय होणार, हे वर्गात एकमेकींना इंग्रजीत सांगायचे होते. बाकीच्या नवी खोली, नवी नोकरी सांगत होत्या. माझ्या जोडीला दिव्या होती. तिला मी इंग्रजीत सांगितले की मला बाळ होणार आहे. मराठीत ते तोंडातून निघत नव्हते. त्या भाषेत मी अजून काही गमावले नव्हते, म्हणून निघाले असेल. कोणाला सांगू नकोस म्हणाले. ती बरे म्हणाली आणि आम्ही पुढचा धडा घेतला.

माझा धर्म कोणी बदललेला नाही, कोणी तसे विचारलेलेही नाही. दोघींविरुद्ध माझी कसलीही तक्रार नाही. मी शनिवारी वर्गाला जाणार आहे. शेठ पुढच्या महिन्यात मला फोनवर बसवून बघणार आहेत. नीलेश भावजींवरही राग नाही. वर्गात पुरुषांनाही घेतात.

मी जबाब देत असताना सासूबाई बाहेर त्या दोघींच्याच बाकावर, मध्ये पिशवी ठेवून बसल्या होत्या. जबाब वाचताना त्यांना आत बोलवा, असे मीच मॅडमना म्हटले. मॅडमनी तो आम्हा दोघींसमोर मोठ्याने वाचला. 'मी गरोदर आहे' येथे आल्यावर सासूबाईंनी त्यांना थांबवले आणि तेवढे पुन्हा वाचायला लावले. दोन्ही वेळा ते मी सांगितल्याप्रमाणे बरोबर आहे.