करडीची साईट अन् परगावचे फोन

...अन् मी म्हणतो, अकराच्या अकरा फोन एकदमच बिघडतात का कधी? पण आमच्या करडी गावची खुशबू ऐकाले तयार नाही, एकच धरून बसली, "माह्या लॅपटॉपवर तर चालते." तुमाले सांगतो, मागच्या महिन्यातही हेच म्हणे. तिची आई रत्नमाला, बचत गटाची अध्यक्ष, भंडाऱ्याच्या सभेत पोरीनं बनवलेली, गटाचा चिन्नोर तांदूळ विकाची साईट दाखवाले उभी राहिली, अन् फोनवर ऑर्डरचं बटनच गायब... लोकं हासले. रत्नमालानं फोन पिशवीत टाकला अन् खाली बसली.

म्हणून या बारीनं पोरीनं ठरवलं, सुधारलेली साईट लोकांपुढं टाकाच्या आधीच तपासाची. पण गिऱ्हाइकांजवळ तऱ्हेतऱ्हेचे फोन, निदान अकरा तरी तपासाले पायजे, ते आणाचे कुठून? तर म्हणे क्लाउडवाली एक कंपनी हाय, तिच्या कपाटात दुनियाभरचे फोन मांडून ठेवले हायत, आपण इथून टेस्ट लावाची, तिकडं फोन आपोआप साईट उघडते, बटन दाबते, पास का नापास सांगते. लावल्या टेस्ट. अकराही नापास. 'साईट सापडत नाही.' पुन्हा लावल्या, पुन्हा तेच, अन् उद्या सकाळी सभा. "माह्या लॅपटॉपवर तर चालते..."

रत्नमाला सुपात तांदूळ पाखडून राहिली होती. म्हणे, "साईट तुया लॅपटॉपात, फोन त्या कंपनीत. मंग मधात रस्ता कोनं केला?"

खुशबूनं कंपनीच्या सूचना उघडल्या, तर पहिल्याच ओळीत लिहून, साईट अजून तुमच्याच लॅपटॉपवर असेल तर आधी आमचा जोडणीचा प्रोग्राम चालू करा, टेस्ट संपेपर्यंत बंद करू नका. आता सांगा, पहिली ओळ कोन वाचते? केला चालू, 'जोडले' असं आलं, टेस्ट लावल्या... सात पास, चार नापास. अन् पोरगी खुश. "आई, या बारीनं बटनासाठी नापास झाले वो, म्हणजे त्यायलेही साईट दिसून राहिली." चार फोनांत बटन धानाच्या फोटोखाली दबलं होतं. फोटो लहान केला. अकराही पास, अन् रातीच साईट लोकांपुढं टाकली.

दुसऱ्या दिवशी सभेत रत्नमाला उभी राहिली, सगळ्यायले म्हणे, "काढा आपापले फोन, दाबा बटन." अन् बटन होतं, हरेक फोनवर होतं. जेवणाच्या आधी साठ ऑर्डरी.

अन् आमची कंप्युटरवाली? पायलं म्या आज सकाळी. साठ थैल्यांची तोंडं शिवाची हायत, अन् आईनं सुई तिच्याच हातात देल्ली.