हाच ओढा, हेच पाणी

हॅलो? … हॅलो, कोण? … अगं चिंगे, तू होय! थांब, थांब जरा, हात ओले आहेत, फोन निसटतोय… हं. बोल आता. नाही, तू नको बोलूस, मीच बोलते. मीच तुला करणार होते. सकाळपासून तीनदा फोन उचलला आणि तीनदा ठेवला.

कशाला म्हणजे? … सांगते ना. आधी सांग, तळ्यावरच्या चौकीवर आहेस का? … शेजारी कोण आहे? … मग बाहेर ये. अगं ये ना, वहिनी सांगतेय तर!

नाही, नाही, बाबा ठणठणीत आहेत. म्हणजे झटका येऊन आठ महिने झालेल्या माणसाने जितकं ठणठणीत असावं तितके. … हो, गोळ्या घेतल्या. … हो, जेवले. दोनदा वाढून घेतलं. … चिंगे, माझ्या कपड्यांच्या टबात मासे आहेत.

मासे! … अगं जिवंत मासे! बोटाएवढे. तीस असतील, चाळीस असतील, मोजू देतात कुठे. इकडे बघावं तर सगळे तिकडे. आणि धुणं पडलंय कोपऱ्यात, तुझ्या दादाचे शर्ट आता आपणहून चालत येतील टबाकडे.

कोणी आणले काय विचारतेस? या घरात मासे कोण आणणार? तुझा दादा? तो मासा हातात धरायचा म्हटलं तर रुमाल शोधतो.

हो. बाबांनी. … एकट्याने. … अगं ओरडू नकोस, कानाचा पडदा फाटेल माझ्या. ऐक तर! काल संध्याकाळी मागच्या खोलीत खुडबुड ऐकू आली. बघते तर बाबा, जाळीचा सापळा काढून बसलेले. तो जुना, दंडगोल, तोंडाशी नरसाळं असतं तो. तारेने भोकं शिवत होते डाव्या हाताने. उजवा कुठे चालतोय अजून? मी म्हटलं, द्या, मी शिवते. तर अशी नजर टाकली माझ्यावर! आठ महिन्यांत पहिल्यांदा मला वाटलं, सासरा आहे घरात.

मग? मग काठी टेकत मागच्या फाटकातून ओढ्यावर गेले. मी खिडकीत. कांदा चिरायला घेतला होता, तो तसाच. पाय घसरला तर धावत सुटायचं म्हणून चप्पलसुद्धा घालून उभी होते मी स्वयंपाकघरात. नाही घसरला. दगडाआड सापळा लावला, दोरी मुळाला बांधली, आले परत. आणि आज सकाळी उठून आधी सापळा. चहासुद्धा नंतर.

हो ना गं… मलाही भरून आलं. खुर्ची सोडत नव्हता हा माणूस. आठ महिने खिडकी आणि खुर्ची, खुर्ची आणि खिडकी.

काय? … सापळ्याचं तोंड केवढं? … चिंगे, ही चौकशी आहे की फोन? … बरं बाई, विचार. बाबांसारखा मासेमारी खात्याचा गणवेश घातलास की तुझ्यात बाबाच शिरतात. … तोंड दोन बोटं रुंद. … हो, चिठ्ठी आहे की, प्लास्टिकमध्ये गुंडाळून तारेला अडकवलेली. नाव-पत्ता असतो ना, ती. … वाचली नाही गं, लांबून दिसली. … मोठ्या जातीची पिल्लं? ती त्यांनी तिथेच निवडून सोडली. चष्मा लावून, एकेक ओंजळीत धरून. पाऊण तास चाललं होतं. आणि टबात नळाचं पाणी घालू दिलं नाही मला! बोट हलवून नको म्हणाले. नळाच्या पाण्यात औषध असतं, मासे मरतात, हो ना? ओढ्यावरून डबा भरभरून आणला. चार खेपा. शेवटच्या दोन मी केल्या, त्यांनी करू दिल्या.

हो, सगळं नियमात आहे. मग रडतेय कशाला असं म्हणतेस? रडत नाहीये, कांदा आहे. … नाही, ऐक. प्रश्न आजचा नाही. प्रश्न उद्याचा आहे.

उद्या तुझा दादा त्यांना तळ्यावर घेऊन येतोय. तुझ्या तळ्यावर. … हो. … हो, टबातले मासे घेऊन.

हॅलो? … चिंगे? … आहेस ना?

माहितीय गं मला. ज्या पाण्यातला मासा त्याच पाण्यात गळाच्या आमिषाला वापरायचा. एका पाण्यातला दुसऱ्यात न्यायचा नाही. रोग जातो, गोगलगायी जातात, कसली कसली अंडी जातात, आणि मग अख्खं तळं नासतं. मला काय सांगतेस? आमचं ठरलं तेव्हा माझे वडील पहिल्यांदा या घरी आले. होणारे व्याही मासेमारीचे शौकीन, म्हणून कौतुकाने आमच्या ओढ्यातले जिवंत मासे बादलीत घालून आणले होते. दोन तास मांडीवर बादली धरून बसमध्ये! आणि तुझ्या वडिलांनी काय केलं? पाणी दिलं, खुर्ची दिली, आणि पावती फाडली. दंडाची! … हस, हस. माझी आई म्हणाली होती, या घरात पोर द्यायची नाही. आणि वडील म्हणाले, याच घरात द्यायची. अजून आहे ती पावती माहेरी, देवासारखी जपून ठेवलीय.

म्हणूनच तर. तोच माणूस. आणि आता तोच हे मासे तळ्यावर न्यायला निघालाय.

… अगं नको ना रडूस. तू रडलीस तर मी काय करू? … हो, आठवतं मला. हॉस्पिटलच्या जिन्यात म्हणाली होतीस. बाबा माझं नाव विसरले तरी चालेल, पण हा नियम ते विसरायचे नाहीत, आणि ज्या दिवशी विसरतील त्या दिवशी समजायचं. … नाही, पुढचं मी बोलणार नाही. तूही बोलू नकोस.

दादाला कळलंय. नियम त्यालाही पाठ आहे, लहानपणी बोट धरून शिकवलाय दोघांना. सकाळी टब बघितला, पण तळ्यावर नको असं त्यांना म्हणवेना. मग बाजारात गेला आणि कुलूप घेऊन आला. … मागच्या फाटकाला! डॉक्टर म्हणाले होते ना, विसरायला लागले तर पाण्याजवळ एकटं सोडू नका. कुलूप टेबलावर ठेवलंय त्याने. लावायचा धीर होत नाहीये, आणि ठेवून द्यायचाही. पेपर वाचतोय मघापासून. उलटा धरला नाहीये एवढंच.

म्हणून विचारते, रागावू नकोस… उद्या एक दिवस तू जरा दुसरीकडे बघितलंस तर? … एकच बादली आहे. … नाही ना? … नाहीच. मला माहीतच होतं, मी आपलं विचारून घेतलं. उद्या तू डोळेझाक केलीस आणि त्यांना कळलं, तर ते तुझीच पावती फाडतील.

मग रात्रीतून हळूच सोडून देऊ का ओढ्यात? … त्यांना कळेल गं. मोजलेत त्यांनी. आणि काय सांगू, मासे भिंतीवरून उडी मारून घरी गेले?

काय? … ते स्वतः काय म्हणाले? शब्दच कुठे फुटतात त्यांना नीट! दादाने विचारलं, बाबा, उद्या तळ्यावर जायचं का? त्यांनी मान हलवली. … हो, मानच. … हो गं, हल्ली ते सगळ्यालाच मान हलवतात. परवा दूधवाल्याने विचारलं, काका, मला ओळखलंत का, तरी हलवली. दूध हवंय का, तरी हलवली. चार लिटर दूध आलं घरात. … नाही, तळ्याचं नाव त्यांनी नाही काढलं. दादानेच काढलं. नेहमी तळ्यावरच जायचे ना ते… थांब, तुला काय म्हणायचंय?

गळाच्या काठ्या? हो, काढल्या ना. माळ्यावरून दोन काढायला लावल्या मला. एक त्यांची, लांब. दुसरी आखूड. मी म्हटलं, दादासाठी असेल, पण ती दादाच्या कमरेएवढीसुद्धा नाही. … आखूडच गं, मुठीला निळी चिकटपट्टी गुंडाळलेली. चिकटपट्टीचा पार भुगा झालाय, तरी ती सोडवू देईनात. … का गं? … हॅलो? … कोणाची?

तुझी?

अगं बाई.

… चिठ्ठी? आत्ता? बरं, वाचते. फोन धर, ठेवू नकोस हं… सापळा अंगणात वाळत टाकलाय… हं, आले. बाबा? बाबा खोलीत आहेत, पडलेत जरा. थांब, प्लास्टिक सोडवते. केवढ्या गाठी! डाव्या हाताने मारल्यात आणि तरी सुटत नाहीत… हं. निघाली. वाचते.

नाव. त्यांचं. पत्ता. तारीख, कालची. पाणी — घरामागचा ओढा. अक्षर बघ गं कसं झालंय, एक ओळ जिना चढते, दुसरी उतरते. पण चूक नाही एक. … एवढंच आहे. … मागे? मागे कशाला बघू? … बरं, बघते. … आहे! पेन्सिलीने आहे काहीतरी. उजेडात येते. थांब.

‘वापर. पुलाखालचा डोह. हाच ओढा, हेच पाणी.’

… ऐकलंस? चिंगे, ऐकलंस का? पुलाखालचा डोह! अगं ओढाच तो, वळून पुलाखाली जातो तोच! तळं नाहीच! तळ्याचं कधी त्यांच्या मनातही नव्हतं! … आणि तिथे जिवंत आमिष चालतं ना? … पुलाच्या वरच्या अंगाला बंद आणि खालच्या अंगाला चालतं? मग बघ! तेही बरोबर आहे! अहो! अहो, इकडे या! … दादाला हाक मारतेय. अहो, पेपर ठेवा तो! आणि ते कुलूप उचला टेबलावरून! … कुठे ठेवायचं ते मला नका विचारू, सायकलला लावा! … वाचा, हे वाचा. मागची बाजू. …

हं, बोल. … तो? वाचतोय. चष्मा पुसतोय. आता खाली बसलाय पायरीवर. राहू दे त्याला.

विसरले नाहीत गं ते. आपणच त्यांना विसरायला लावत होतो.

… थांब, अजून आहे खाली. दादा दाखवतोय. बारीक आहे, आणि खोडून पुन्हा लिहिलंय. ‘माणसं दोन. रविवार सकाळी सहा.’ आणि मग… ‘चिंगीला सुट्टी’… पुढे ‘असल्यास’ होतं, ते खोडलंय. ‘मिळाल्यास’ केलंय. तेही खोडलंय. मग पुन्हा ‘मिळाल्यास’.

… हो. रड आता. आता रडलीस तरी चालेल.

तोंडाने का नाही विचारलं? अगं कुठल्या तोंडाने विचारतील? जीभ अडते म्हणून नाही म्हणत मी. तूच सांगायचीस ना मला, दर रविवारी ती निळ्या मुठीची काठी घेऊन पायरीवर बसायचीस, आणि बाबा गणवेश चढवून निघून जायचे. रविवारीच सगळी माणसं पाण्यावर, रविवारीच त्यांची खरी नोकरी. एक रविवार दिला नाही त्यांनी तुला. ते विसरलेत असं वाटतं तुला? ते सोडून दुसरं काही आठवत नसणार त्या खुर्चीत. आता तोच गणवेश तुझ्या अंगावर. मग त्यांनी सुट्टी मागायची कशी? चिठ्ठीवर लिहून ठेवलं आपलं, सापळ्याच्या, तारेला बांधून. तू तपासायला येशील आणि वाचशील म्हणून.

… उद्या पाळी तुझी आहे, माहितीय. … चौकीवरच्या त्या मिशीवाल्याला सांग ना! त्याच्या लेकीच्या बारशाला तू दोन दिवस त्याची पाळी केली होतीस. … विचार, आत्ता विचार. मी आहे फोनवर. …

… काय म्हणतो? … हो म्हणाला? माझ्याकडून त्या मिशीला डबा पाठवते म्हणावं!

अगं… थांब. बाबा आलेत बाहेर. दारात उभे आहेत. चिठ्ठी माझ्या हातात आणि गाठ सोडलेली. पकडली गेले मी. … बाबा, चिंगी आहे फोनवर. येतेय ती उद्या. सहा वाजता. … हो, खरंच! सुट्टी मिळाली. … मान हलवतायत. नाही, आत्ताची वेगळी आहे, मला कळते आता. … बाबा, बोलता? घ्या. असा कानाला… उलटा नाही, असा. हं. …

…

… दे, मी घेते बाबा. हं, चिंगे? बोलले का काही? मला तर एकच शब्द ऐकू आला. काय म्हणाले?

‘परवाना?’

परवाना आहे का असं विचारलं? … हो मग, आहेच की तुझा… नाही? … संपला? कधी? … नऊ वर्षं?! अगं नऊ वर्षं लोकांचे परवाने तपासतेस तू! … मासे धरायला गेलीच नाहीस म्हणून काढला नाहीस, ते कळतंय मला, पण त्यांना काय सांगू? … स्वतःच स्वतःला लिहून नाही देता येत? मग परवान्याच्या खिडकीवरची बाई देईल ना! … शनिवारी चारला बंद करते?

चिंगे, पावणेचार झालेत! ठेव! फोन ठेव आणि पळ! … अगं पळ, बाई निघेल! … हो, हो, फोटो लागतो की काय ते तिथे बघ! पळ!

… ठेवला तिने. गेली पळत. … बाबा? … अहो, बघा, लवकर बघा… बाबा हसतायत!