आमच्या घराण्याचा प्रोमाया

...नाही, खिडकी लावायची नाही! उघडीच राहू द्या, बसा. तुम्हाला सांगते, आमच्या उझित्से गावात माणूस कशानंही आजारी पडो, निदान एकच. प्रोमाया! म्हणजे समोरासमोरच्या दोन खिडक्यांमधून आरपार जाणारा वारा. मान धरली? प्रोमाया. दात ठणकतोय? प्रोमाया. माझा नवरा पळाला, तोही बहुतेक प्रोमायानंच उडाला असणार.

आता आमचं घराणं घ्या. गार वारा लागला की अंगभर पित्त, ताप, सांधे धरलेले. माझे बाबा चाळिशीत बहिरे झाले, पन्नाशीत मूत्रपिंडं गेली, मग तेही गेले. त्यांची बहीण, दारिंका आत्या, तिलाही ऐकू येत नाही. म्हणते, "अगं, सत्तर साली बसमध्ये खिडकीशी बसले होते ना..." एका खिडकीनं अख्खं घराणं बहिरं केलं, काय बस असेल हो!

माझी नेवेना नऊ वर्षांची. तिच्या अंगावर गांधी उठल्या, तर आत्यानं भर मे महिन्यात खिडक्यांच्या फटींत चिंध्या कोंबल्या. मीही कोंबल्या, खोटं कशाला बोलू? मग एक दिवस पोरीला मागून हाक मारली, आणि तिनं वळून पाहिलंच नाही. तशीच उठले, बेलग्रेड गाठलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "घरात आणखी कोणाला?" म्हटलं, "कोणाला नाही ते विचारा." रक्त तपासलं. जनुकातच चूक, पिढीजात. शरीर आपलं आपल्यालाच भाजतं, कान आणि मूत्रपिंडं खातं. इंजेक्शन आहे म्हणाल्या, उरलंय ते वाचेल, कदाचित थोडं परतही येईल.

तर इंजेक्शनचा खर्च मंजूर करणारे सरकारी साहेब म्हणतात, "बाई, फार दुर्मीळ आजार हा." दुर्मीळ? म्हटलं, रविवारी जेवायला या, टेबलाभोवती मोजून दाखवते! पाच खेपा घातल्या. सहाव्यांदा आत्यालाच नेलं. आत शिरताच ती ओरडली, "प्रोमाया! लाव ती खिडकी!" साहेब समजावतायत, हिला ऐकू येत नाही, घसा बसला त्यांचा... शेवटी सही केली.

आता पोरगी खिडकीतच बसते, अंगावर एक गांधी नाही, हाकेला ओ देते. आत्या म्हणते, चिंध्यांचा गुण. म्हणू दे. पण गंमत बघा, थंडीनं पेटणाऱ्या घराण्याचं औषध ठेवायचं कुठे, तर फ्रीजमध्ये! आत्या खुर्ची टाकून फ्रीजपुढेच बसते. जेवण काढायला दार उघडलं की, "लाव आधी! औषधाला प्रोमाया लागेल!"

आणि भांडू काय कपाळ... खोक्यावर तेच छापलंय: फ्रीजमध्येच ठेवा, बाहेरची हवा लागू देऊ नका.